जुन्या इंग्रजी वृत्तपत्रांतला 'इंटेलिजन्स' म्हणजे नक्की काय?

रानजाई

नमस्कार मंडळी. १८१७-१८ सालच्या इंग्रज-मराठे युद्धावर एक टिपण लिहिते आहे. त्यासाठी त्या काळच्या इंग्रजी नियतकालिकांची स्कॅन केलेली पाने वाचणे चालू आहे. लंडनहून १८१६ पासून निघणारे 'एशियाटिक जर्नल' हे मासिक फार उपयोगी पडते. पण त्यात इकडच्या मजकुराच्या डोक्यावर मोठ्या अक्षरांत 'एशियाटिक इंटेलिजन्स' असे छापलेले असते. खाली लढायांची वर्णने असतात, आणि त्याच रांगेत अधिकाऱ्यांच्या नेमणुका, जहाजांचे येणे-जाणे, लग्ने, जन्म, मृत्यू.

आमच्या अभ्यासगटातल्या एका सभासदांचे ठाम म्हणणे आहे की इंटेलिजन्स म्हणजे हेरखाते. म्हणून हा सगळा मजकूर कंपनी सरकारच्या हेरांनी पाठवलेला आहे, आणि टिपणात तसे स्पष्ट लिहावे. मला हे पटत नाही. पुढच्या काळातल्या लंडनच्या 'टाइम्स'मध्ये 'शिपिंग इंटेलिजन्स', 'स्पोर्टिंग इंटेलिजन्स', 'युनिव्हर्सिटी इंटेलिजन्स' अशीही सदरे आहेत. घोड्यांच्या शर्यतींचे निकाल आणायला हेर कशाला लागतील?

तर विचारायचे हे की जुन्या पत्रकारितेत हा शब्द नक्की कोणत्या अर्थाने वापरत असत? 'न्यूज' हा शब्द हाताशी असताना हा कशाला? आणि मराठी टिपणात मी तिथे काय लिहू?

सप्तर्षी

इंटेलिजन्स म्हणजे बातमी, एवढेच. कोणताही मोठा इंग्रजी शब्दकोश उघडा, 'बुद्धी' या अर्थाच्या खाली 'वार्ता, खबर' हा अर्थ दिलेला असतो. पंधराव्या शतकापासून तो इंग्रजीत आहे. त्या काळच्या लोकांना भारदस्त शब्द आवडायचे, म्हणून 'न्यूज'ऐवजी तो वापरला. 'बातमी' लिहून मोकळ्या व्हा.

जुळारी

रानजाई, तुमची शंका रास्त आहे. टिपणात 'हेरांचा अहवाल' असे मुळीच लिहू नका. पण सप्तर्षींच्या उत्तरावर मात्र मी थांबणार नाही. अर्थ त्यांनी बरोबर दिला आहे, पण हा शब्द नुसता भारदस्तपणासाठी वापरत नसत. माझी सगळी नोकरी एका दैनिकाच्या वृत्तविभागात गेली. निवृत्तीनंतर जुन्या इंग्रजी पत्रांची पाने वाचण्याचा नाद लागला आहे, आणि या एका शब्दापाशी मी बराच काळ रेंगाळले आहे. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी त्या शब्दाबरोबर कोणती क्रियापदे येतात ते बघा. इंटेलिजन्स 'येते', 'पोचते', 'मिळते', 'कुणीतरी आणते'. संपादक ती शोधून काढतो, मिळवतो, उघडकीस आणतो अशी वाक्यरचना त्या पानांवर क्वचितच सापडेल. यात त्या काळच्या वृत्तपत्राचे सगळे कामकाज दिसते. संपादकाचा परदेशात माणूस नसे. त्याच्याकडे टपाल येई, बंदरात लागलेल्या जहाजाचा कप्तान येई, परगावची आणि परदेशची वृत्तपत्रे येत, एखादा व्यापारी आपल्या आडत्याचे पत्र वाचायला देई. संपादक कात्री घेऊन बसे आणि त्यातले छापण्याजोगे उतरवून काढी. जे दुसरीकडे घडले आणि कुणाच्या तरी हस्ते आपल्यापर्यंत पोचले, ते इंटेलिजन्स. 'न्यूज' म्हणजे नवे. या शब्दात नवेपणावर तेवढा भर नाही, पोचण्यावर आहे. निदान मी ती पाने तशी वाचते.

म्हणून सदराच्या मथळ्याखालची पहिली ओळ कधीही गाळू नका. तिथे बहुधा पोचवणाऱ्याचे नाव असते. उदाहरणार्थ अमेरिकेतल्या पत्रात, अमुक जहाज आले, त्यावरून लिव्हरपूलची वृत्तपत्रे अमुक तारखेपर्यंतची मिळाली, अशी ती ओळ असते. त्यात 'इन्स्टंट' असेल तर चालू महिन्याची तारीख आणि 'अल्टिमो' असेल तर मागच्या महिन्याची. हे दोन शब्द डोळ्यांआड झाले की पुरा महिना चुकतो, आणि युद्धाच्या इतिहासात महिना म्हणजे थोडा नव्हे.

हे किती शब्दशः चालायचे ते ट्रफाल्गारच्या आरमारी लढाईच्या बातमीवरून कळते. लढाई झाली २१ ऑक्टोबर १८०५ ला. छापून आली ती पहिल्यांदा २४ ऑक्टोबरला, 'जिब्राल्टर क्रॉनिकल'मध्ये, कारण जिब्राल्टर जवळ. लंडनला मात्र ती एका माणसाच्या हस्ते यायची होती. 'पिकल' नावाच्या छोट्या लढाऊ जहाजाचा लेफ्टनंट लापेनोतिएर सेनापतीचा खलिता घेऊन निघाला, ४ नोव्हेंबरला फालमथला उतरला, तिथून टपालाच्या घोडागाडीने ठिकठिकाणी घोडे बदलत ५ आणि ६ नोव्हेंबरच्या मधल्या रात्री एकच्या सुमारास आरमाराच्या कचेरीत पोचला. ७ तारखेला 'टाइम्स'च्या वाचकाने ती वाचली. त्या लढाईत पडलेला इंग्रज आरमारप्रमुख नेल्सन मरून सतरा दिवस झाले होते. त्या वाचकाच्या दृष्टीने घटनेइतकेच महत्त्व होते कुणी आणली, कोणत्या वाटेने आणली आणि वाटेत किती दिवस गेले याला. भरवसा त्यावरच ठेवायचा असे.

आता तुमच्या त्या सभासदांच्या मुद्द्याकडे येते, कारण त्यात एक धागा खरा आहे. या शब्दाचा हेरगिरीशी संबंध आहेच. पण तो १८१७ च्या मासिकापेक्षा दीडशे-पावणेदोनशे वर्षे मागचा आहे आणि त्यांना वाटतो त्याहून वेगळा आहे.

इंग्लंडमध्ये राजाला हटवून आलेल्या क्रॉमवेलच्या राजवटीत जॉन थर्लो हा राज्याचा सचिव होता. हेरांचे जाळे त्याच्या हातात होते आणि टपालातली पत्रे फोडून वाचण्याची व्यवस्थाही. त्याच काळात मार्शमंट नेडम नावाचा पत्रकार सरकारच्या आश्रयाने दर गुरुवारी 'मर्क्युरियस पॉलिटिकस' काढत असे, आणि १६५५ पासून दर सोमवारी 'पब्लिक इंटेलिजन्सर' नावाचे दुसरे पत्रही काढू लागला. त्याच्या परदेशी मजकुराला थर्लोच्या कचेरीत येणाऱ्या पत्रांचा मोठा आधार होता. परगावाहून सचिवाला लिहिणारा माणूस एकाच पत्रात दोन्ही लिहायचा: अमुक बंदरात किती जहाजे उभी आहेत, अमुक सरदार कुणाला भेटला, आणि तिथे पीकपाणी कसे आहे, राजाचे लग्न कुठे ठरले. त्यातले जे झाकून ठेवायचे ते कचेरीत राही, जे लोकांना सांगायला हरकत नसे ते छापखान्यात जाई. पत्र तेच, मसुदा तोच, फक्त वाटा दोन. अशा कागदाला वेगवेगळी नावे कशाला पडतील?

राजेशाही परत आल्यावरही हीच रीत राहिली. रॉजर लेस्ट्रेंज हा छापखान्यांवर नजर ठेवणारा सरकारी अधिकारी. १६६३ साली बातम्या छापण्याचा मक्ता त्यालाच मिळाला. त्याने सोमवारच्या पत्राचे नाव ठेवले 'इंटेलिजन्सर' आणि गुरुवारच्या पत्राचे 'न्यूज'. म्हणजे दोन्ही शब्द एकाच माणसाच्या हाताखाली, एकाच आठवड्यात, शेजारी शेजारी. आणि याच माणसाने पहिल्या अंकात लिहिले की वृत्तपत्रामुळे सामान्य लोकांना वरिष्ठांच्या कारभाराशी नको तेवढी जवळीक वाटू लागते! वृत्तपत्र नकोच असे मानणारा माणूस देशातले एकमेव अधिकृत वृत्तपत्र काढतो, हा प्रसंग मला फार बोलका वाटतो. पुढे १६६५ साली 'ऑक्सफर्ड गॅझेट' निघाले, तेच वर्षभरात 'लंडन गॅझेट' झाले, आणि त्याची सूत्रे जोसेफ विल्यमसनकडे गेली. विल्यमसन सचिवाच्या कचेरीतला, गुप्त पत्रव्यवहार सांभाळणारा माणूस. पुन्हा तीच कचेरी आणि तीच पत्रे.

अमेरिकेतही याचे पडसाद सापडतात. बेंजामिन हॅरिसने १६७९ साली लंडनमध्ये 'डोमेस्टिक इंटेलिजन्स' काढले. हाच हॅरिस पुढे बॉस्टनला गेला आणि २५ सप्टेंबर १६९० ला 'पब्लिक ऑकरन्सेस' छापून बसला. अमेरिकेतल्या वसाहतींमधला वृत्तपत्राचा हा पहिला प्रयत्न, एका अंकातच सरकारने बंद पाडलेला. आणि १७७० साली आयझाया थॉमसने बॉस्टनमध्ये जे पत्र सुरू केले त्याचे नावच 'मॅसॅच्युसेट्स स्पाय' होते. स्पाय म्हणजे हेर, आणि वाचकांना त्यात काही वावगे वाटले नाही. लोकांच्या वतीने डोळे उघडे ठेवणारा, असा त्याचा भाव होता.

म्हणजे तुमच्या सभासदांना असे सांगा: हेर आणि वृत्तपत्र एकाच टपालावर जगत होते, म्हणून शब्द सामाईक राहिला. पण १८१७ च्या सुमाराला 'एशियाटिक इंटेलिजन्स' वाचणाऱ्या लंडनच्या गृहस्थाच्या मनात हेर येत नव्हता. त्याचा भाऊ मुंबईच्या पलटणीत होता, आणि तो जिवंत आहे का हे त्याला त्या पानावर बघायचे होते. म्हणून तर लढाईच्या शेजारी नेमणुका आणि मृत्यू छापलेले आहेत.

शब्द रोजच्या व्यवहारात किती मुरला होता तेही सांगते. हरवलेल्या घोड्याची किंवा पळून गेलेल्या नोकराची जाहिरात असली की शेवटी ओळ असायची, जो कुणी त्याची इंटेलिजन्स देईल त्याला बक्षीस मिळेल. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात 'इंटेलिजन्स ऑफिस' म्हणजे घरकामाला माणसे मिळवून देणारी कचेरी. मोलकरीण हवी असेल तर तिथे जायचे. आज ही पाटी कुणी वाचली तर काय समजेल, विचार करा.

मराठीत काय लिहावे यावर माझे मत शेवटी देते, आधी मोडी वाचणाऱ्या मंडळींनी काही सांगावे असे वाटते.

मोडीवाला

जुळारीताई, हाक मारलीत म्हणून लिहितो. तुम्ही थर्लोच्या कचेरीचे जे सांगितले ते वाचताना मला पेशवे दफ्तरच डोळ्यांपुढे आले.

आपल्याकडे बातमी आणणारा तो बातमीदार. आज हा वृत्तपत्राचा माणूस, पण जुन्या कागदांत 'बातमीदार' म्हणजे शत्रूच्या छावणीची खबर आणणारा. 'बातमी राखणे' म्हणजे पाळत ठेवणे. हा अर्थ मेलेला नाही. आजही पोलिसांच्या फिर्यादीत 'गुप्त बातमीदारामार्फत बातमी मिळाली की' अशी सुरुवात असते आणि दुसऱ्या दिवशी पेपरातला बातमीदार तेच वाक्य उचलून छापतो. दोन्ही बातमीदार एका परिच्छेदात येतात आणि मराठी वाचक अडखळत नाही.

तीच गोष्ट जासुदाची. हिंदीत जासूस म्हणजे हेर. मराठी कागदांत जासूद हा प्रामुख्याने पत्रे पोचवणारा धावता माणूस. जासूदजोडी रवाना केली, असे उल्लेख पुष्कळ येतात, कारण दोघांना मिळून पाठवत. पत्र पोचवता पोचवता वाटेत जे दिसले तेही तो सांगे. मग तो टपालवाला की हेर? त्या काळी हा प्रश्नच कुणी विचारला नसता.

आणि पोचण्याच्या वाटेबद्दल म्हणाल तर पानिपतचेच बघा. १४ जानेवारी १७६१ ला लढाई झाली, आणि मजल दरमजल उत्तरेकडे निघालेल्या नानासाहेबांना ती कळली सावकारी पत्रातून, मोत्यांच्या आणि मोहरांच्या सांकेतिक भाषेत. सरकारी जासुदाच्या आधी सावकाराचा कागद पोचला. व्यापाऱ्याचे टपाल सगळ्यांच्या पुढे, हे तुमच्या लंडनलाही लागू असणार.

शब्दाबद्दल माझा कौल 'वर्तमान'ला. जुन्या पत्रांत 'इकडील वर्तमान तरी' असे म्हणून मजकूर सुरू होतो, 'वर्तमान आले की' असे म्हणून परगावची हकिगत येते. आलेली हकिगत, हाच भाव. वर्तमानपत्र हे नाव त्यातूनच.

रानजाई

दोघांचे मनापासून आभार. वर्तमानपत्र हा शब्द रोज वापरते, पण त्याच्या पोटात पत्र आहे हे या बाजूने कधी पाहिले नव्हते.

आणखी एक अडचण आहे. या सदरांतला मजकूर खरा किती धरायचा? मी वाचलेल्या एका अंकात दिलेली हकिगत पुढच्या अंकात फिरवलेली दिसते. आणि हा शब्द वृत्तपत्रांतून गेला कधी? आजच्या कुठल्याच इंग्रजी पेपरात या अर्थाने तो दिसत नाही.

जुळारी

मोडीवाले दादा, 'वर्तमान' अगदी नेमका शब्द दिलात. व्यापाऱ्यांचे टपाल लंडनलाही पुढेच असे. 'टाइम्स'च्या बाजारभावाच्या सदराचे नाव 'मनी-मार्केट अँड सिटी इंटेलिजन्स' असे होते, आणि जहाज बुडाले की तरले हे आधी विमेवाल्यांना कळे, मग इतरांना.

रानजाई, खरेखोटेपणाबद्दल. मथळ्यात इंटेलिजन्स आहे याचा अर्थ मजकूर तपासलेला आहे असा बिलकुल नाही. तो आलेला आहे, एवढेच संपादक सांगतो. त्याला शंका असली की तो तसे लिहितोही: या वर्तमानाला पुष्टी मिळणे बाकी आहे, खाजगी पत्रात असे म्हटले आहे, कप्तानाच्या कानावर असे आले. ही वाक्ये भरताड म्हणून सोडू नका. त्यात संपादकाने आपला भरवसा मोजून दिलेला असतो, आणि मला तर त्यात त्या धंद्याचा प्रामाणिकपणा दिसतो.

पण हा तोल सुटला की काय होते याचे मोठे उदाहरण क्रिमियाच्या युद्धातले. १८५४ च्या सप्टेंबरअखेर एका तातार स्वाराने बुखारेस्टला सेबास्तोपोल हा रशियाचा बंदरकिल्ला पडल्याचे वर्तमान आणले. तिथून ते तारेने पश्चिमेकडे गेले आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला लंडन-पॅरिसच्या पत्रांत झळकले. लोकांनी आनंद केला. प्रत्यक्षात वेढा नीट बसलाही नव्हता. सेबास्तोपोल पडले सप्टेंबर १८५५ मध्ये, जवळजवळ वर्षभराने. यात घडले ते असे की वर्तमानाची पहिली मजल घोड्यावरची, जुन्या पद्धतीची, ऐकीव. आणि पुढची मजल विजेच्या तारेची. तारेच्या वेगामुळे वाचकाला वाटले की खबर पक्की. आणणारा कोण हे विचारायची जुनी सवय त्या घाईत सुटली.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तरही इथूनच निघते, असे मी मानते. तार आल्यावर सुरुवातीला हा शब्द उलट जास्तच झळकला. १८५१ साली इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यामध्ये समुद्राखालून तार पडली. त्यानंतर 'टाइम्स'मध्ये 'लेटेस्ट इंटेलिजन्स' या मथळ्याखाली, ती समुद्राखालच्या तारेने आली आहे, असे मुद्दाम छापत. कप्तानाच्या जागी तार, पण पोचवणाऱ्याचे नाव देण्याची रीत तीच. अटलांटिकखालची तार मात्र १८६६ पर्यंत टिकाऊ झाली नाही. म्हणून लिंकनला गोळी लागली १४ एप्रिल १८६५ ला आणि लंडनला कळले २६ एप्रिलला, जहाजानेच.

मग हळूहळू दोन गोष्टी झाल्या. एक तर वृत्तपत्रे आपली माणसे बाहेर पाठवू लागली, वृत्तसंस्था उभ्या राहिल्या. रॉयटरची तारेची सेवा १८५८ पासून लंडनची वृत्तपत्रे घेऊ लागली. आता मजकूर आपसूक येत नव्हता, तो मिळवला जात होता. पोचण्यावर भर देणारा शब्द तिथे सैल पडू लागला. आणि दुसरीकडून त्या शब्दाला नवे मालक भेटले. ब्रिटिश युद्धखात्याने १८७३ साली आपली इंटेलिजन्स शाखा उघडली, अमेरिकी आरमाराने १८८२ साली. १९०५ मध्ये बिने आणि सिमाँ यांची बुद्धिमापनाची चाचणी आली आणि शाळाशाळांतून हा शब्द बुद्ध्यंकाला चिकटला. १९४७ साली अमेरिकेने सीआयए स्थापली, त्यानंतर सामान्य इंग्रजी वाचकाच्या मनात या शब्दाची दोनच घरे राहिली, मेंदू आणि हेरखाते. आता यंत्रांच्या बुद्धिमत्तेसाठीही तोच. 'युनिव्हर्सिटी इंटेलिजन्स'सारखी साधी सदरे विसाव्या शतकातही काही काळ टिकली होती, कारण पदव्या आणि नेमणुकांच्या याद्या अजूनही कुलसचिवांच्या कचेरीतून आपसूक यायच्या. शब्द सगळ्यात शेवटी तिथे राहिला, जिथे मजकूर खरोखरच नुसता येत होता.

सप्तर्षी

वाचनीय माहिती. पण जुळारीताई, एक हरकत. वृत्तपत्रांच्या नावांत तर हा शब्द खूप नंतरपर्यंत आहे. अमेरिकेत सिएटलचे 'पोस्ट-इंटेलिजन्सर' अगदी आत्तापर्यंत छापले जात होते. मग तो अर्थ गेला असे कसे म्हणता येईल?

जुळारी

सप्तर्षी, हरकत योग्य आहे. नावे टिकतात, सदरे बदलतात. सिएटलच्या 'इंटेलिजन्सर'ला ते नाव १८६७ साली मिळाले, १८८१ मध्ये ते 'पोस्ट'शी जोडले गेले, आणि छापील अंक १७ मार्च २००९ ला संपला. वेस्ट व्हर्जिनियातले व्हीलिंगचे 'इंटेलिजन्सर' १८५२ पासूनचे आहे. पण ही नावे आता घराण्याच्या आडनावासारखी झाली आहेत, त्यांच्या आतल्या पानांवर कुणी मथळ्यात तो शब्द घालत नाही.

या नावाचे सर्वांत मानाचे पत्र म्हणजे वॉशिंग्टनचे 'नॅशनल इंटेलिजन्सर'. सॅम्युएल हॅरिसन स्मिथने ते ३१ ऑक्टोबर १८०० ला सुरू केले, राजधानी तिथे हलली त्याच सुमाराला. पुढे गेल्स आणि सीटन या दोघांनी त्यात काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, चर्चा इतक्या निष्ठेने उतरवल्या की त्या काळच्या सभागृहांत कोण काय बोलले हे आज कळते ते बऱ्याच अंशी त्यांच्यामुळे. १८१४ च्या ऑगस्टमध्ये इंग्रजांनी वॉशिंग्टन जाळले तेव्हा अॅडमिरल कॉकबर्नने या पत्राच्या छापखान्याची मोडतोड करवली. असे सांगतात की त्याने इंग्रजी 'सी' अक्षराचे सगळे खिळे नष्ट करायला लावले, म्हणजे यापुढे माझ्या नावाची बदनामी छापता येणार नाही. माझे वडील छापखान्यात जुळारी होते. खणांच्या पेटीतला एक खण रिकामा झाला की अख्खे पान कसे अडते हे मी त्यांच्या शेजारी उभी राहून पाहिले आहे, त्यामुळे ही हकिगत वाचल्यावर मला त्या खिळे जुळवणाऱ्यांचीच आधी आठवण झाली. पत्र मात्र थोड्याच आठवड्यांत पुन्हा निघू लागले.

रानजाई, आता तुमच्या टिपणापुरते. सदराचे नाव म्हणून 'एशियाटिक इंटेलिजन्स' असेच देवनागरीत ठेवा आणि पहिल्यांदा येईल तिथे 'आशियाकडील वर्तमान' असे सोबत द्या. पुढे वाक्यात जिथे तो शब्द येईल तिथे 'वर्तमान आले', 'वर्तमान पोचले' असे क्रियापदासह लिहा. नुसते 'बातमी' लिहिलेत तर चूक होणार नाही, पण वाटेतले महिने वाचकाच्या नजरेतून निसटतील. खडकीची लढाई ५ नोव्हेंबर १८१७ ची, आणि लंडनच्या वाचकाला ती या मासिकात मिळाली पुढच्या साली. मासिकाच्या अंकाचा महिना, मजकुरावरची तारीख, आणि तो ज्या मुंबई-कलकत्त्याच्या पत्रातून उचलला त्याची तारीख, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. तिन्ही टिपून ठेवा. एका अंकातली हकिगत दुसऱ्यात फिरलेली दिसते ती बहुतेक वेळा यामुळेच. नंतर निघालेले जहाज आधी पोचते, आणि नवे आधी, जुने मागून असे छापले जाते.

शोधताना एक अडचण येईल ती आधीच सांगते. मथळे सगळे कॅपिटल अक्षरांत असल्यामुळे यंत्राने वाचलेल्या मजकुरात या शब्दाचे पहिले अक्षर पुष्कळदा चुकीचे उतरते, मग शोध रिकामा येतो. मथळ्याऐवजी मजकुरातली वाक्ये शोधा, 'इंटेलिजन्स हॅज बीन रिसीव्ह्ड' किंवा 'इंटेलिजन्स फ्रॉम बॉम्बे' अशी. अठराव्या शतकातली पाने बघणार असाल तर तिथला लांब 'एस' यंत्राला 'एफ' दिसतो, त्यामुळे 'डोमेस्टिक'चे 'डोमेफ्टिक' होऊन बसते. तसाच टाइप करून शोधा, सापडते.

मोडीवाला

ताईंच्या यादीत एक भर. त्याच महिन्यांतली मराठी पत्रे छापलेल्या दफ्तरांत आहेत, ती तारखेवार शेजारी ठेवून बघा. लंडनला वर्तमान पोचायला जे महिने लागले, त्या महिन्यांत इकडे काय काय होऊन गेले ते लगेच दिसेल. १ जानेवारी १८१८ ची कोरेगावची लढाई, १० फेब्रुवारीला साताऱ्याचा किल्ला इंग्रजांच्या हाती, २० फेब्रुवारीला अष्टीला बापू गोखले पडले. लंडनचा वाचक तेव्हा अजून जुन्या टपालावरच होता.

रानजाई

हे तर लगेच करते. तीन तारखांचे तीन रकाने आखून घेतले, चौथा मोडी कागदांसाठी ठेवला आहे. मोडीवाले दादा, अष्टीच्या आसपासची पत्रे दफ्तराच्या कोणत्या खंडात आहेत ते माहीत असेल तर कळवा. सभासदांना हा सगळा धागा वाचायला पाठवते आहे. थर्लोचा भाग त्यांना आवडेल.